निर्गुडीची परीक्षा

आईच्या रक्ताचा रिपोर्ट मोबाइलवर आला, तेव्हा मी बसमध्ये होतो. क्रिएटिनिनच्या आकड्यापुढे लॅबने ठळक खूण केली होती. संध्याकाळी डॉक्टरांनी आईला विचारलं, "गोळ्या कोणकोणत्या घेता?" आईने पर्स उघडली आणि टेबलावर एकेक स्ट्रिप मांडत गेली. बीपीची, थायरॉइडची, आणि मग अर्धवट संपलेल्या चार स्ट्रिपा गुडघ्यांसाठी. नाक्यावरच्या मेडिकलमधून तिने त्या स्वतःच आणल्या होत्या. रोज एक, पाहुणे आले की दोन, आणि हे चार वर्षं. डॉक्टर आवाज न चढवता म्हणाले, "या आजपासून बंद."

रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू त्या उंदरांना पाला पाजायचास ना, त्याचं काय झालं पुढे?"

मी एम.फार्म. नाशिकमध्येच केलं. माझ्या प्रबंधाचा विषय होता निर्गुडीच्या पानांतले सूज उतरवणारे आणि वेदना शमवणारे घटक. तो आता माळ्यावर आहे, काळ्या रेक्झिनच्या बांधणीत, सोनेरी अक्षरांत. आईने त्याचं पेढे वाटून कौतुक केलं होतं. त्यात काय सापडलं, हे तिने तेव्हा विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आता विचारलंय, तर उत्तर थोडं लांबून सुरू करावं लागेल.

*

फार्मसीला असलेल्या कुणालाही विचारा, वर्गातल्या निम्म्या लोकांच्या नशिबी एकेक पाला असतोच. कुणाला शेवगा, कुणाला अडुळसा, कुणाला दगडी पाला. मला निर्गुडी मिळाली, कारण आमच्या गाइडना ती फुकट मिळेल अशी खात्री होती. ओढ्याकाठी, बांधावर, कुंपणाला, नाशिकभर ती उगवते. पंज्यासारखी तीन किंवा पाच पानं, वरून हिरवी, खालून पांढुरकी, आणि चुरगळली की नाकात जाणारा उग्र वास. गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. आमच्या आजीच्या धान्याच्या कोठीत तिचा वाळलेला पाला असायचा, किड्यांसाठी. बाळंतिणीच्या आंघोळीच्या पाण्यातही तोच पाला.

पानं मी हरसूलच्या बाजूने आणली. तिथल्या एका बाईंनी ओढा दाखवला, आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. मावशींनी कोवळी डहाळी माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "ही नको, जून पानं घे." का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढे वाचताना कळलं, की 2003 साली श्रीलंकेतल्या संशोधकांनी निर्गुडीच्या पानांवर जो गाजलेला प्रयोग केला, त्यातही जून आणि ताजी पानंच वापरली होती. त्या पानांच्या पाण्यातल्या अर्काने उंदरांची सूजही उतरली आणि वेदनाही कमी झाल्याचं त्यांनी नोंदवलं.

मग ठरलेली कवायत. एक फांदी दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात पाठवायची, म्हणजे ही खरोखर 'व्हायटेक्स निगुंडो'च आहे असं पत्र मिळतं. त्या कागदावर ठिकाण लिहिलं, तारीख लिहिली, संकलक म्हणून माझं नाव लिहिलं. ओढा कुणी दाखवला यासाठी रकाना नव्हता. बाकीची पानं सावलीत वाळवली, दळली, सॉक्सलेट यंत्रात अल्कोहोलबरोबर तासन् तास उकळली. शेवटी तळाशी उरला काळपट हिरवा, गुळाच्या पाकासारखा चिकट गोळा. त्याला म्हणायचं अर्क.

आणि मग उंदीर. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीच्या नीतिसमितीची परवानगी घ्यायची, पांढऱ्या उंदरांचे गट पाडायचे. एका गटाला नुसतं पाणी, एका गटाला डायक्लोफिनॅक, उरलेल्यांना अर्क, कमी आणि जास्त मात्रेत. तासाभराने प्रत्येकाच्या मागच्या पंजात कॅराजिननचं इंजेक्शन. हा लाल समुद्रशेवाळातून निघणारा पदार्थ, आइस्क्रीम दाट करायलाही वापरतात. पंजात टोचला, की पंजा फुगतो. तो फुगलेला पंजा द्रवाच्या नळीत बुडवायचा, किती द्रव वर चढला ते मोजायचं, आणि हे तासातासाने करायचं. माझ्या अर्काने सूज उतरली, पण डायक्लोफिनॅकइतकी नाही. हे वाक्य तुम्हाला देशातल्या शेकडो प्रबंधांत सापडेल, फक्त झाडाचं नाव बदललेलं.

*

ही परीक्षा कुणी काढली, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. परीक्षा नेहमी असतेच, असं वाटायचं.

ती निघाली 1962 साली. विंटर, रिस्ली आणि नस या तीन अमेरिकी संशोधकांनी उंदराच्या पंजात कॅराजिनन टोचून सूज मोजायची पद्धत प्रसिद्ध केली. ते मर्क या औषध कंपनीच्या संस्थेत काम करत होते. कंपनीला अॅस्पिरिनच्या जातीची नवी, जोरदार औषधं हवी होती. हजारो रसायनांतून चांगली चटकन निवडायची, तर स्वस्त आणि झटपट चाळणी हवी. कॅराजिननचा पंजा ही ती चाळणी. त्याच संस्थेतून इंडोमेथासिन हे औषध बाहेर आलं.

अशी औषधं नेमकं करतात काय, हे मात्र त्यानंतर नऊ वर्षांनी कळलं. 1971 साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं, की अॅस्पिरिन शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाही. सूज, ठणका, ताप यांमागे ही द्रव्यं असतात. ती थांबली की ठणका थांबतो. 1982 साली व्हेन यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएल्सन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. पण हीच प्रोस्टाग्लँडिनं मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतात आणि जठराचं अस्तर सांभाळतात. वय वाढलेल्या, बीपी असलेल्या बाईमध्ये ती वर्षानुवर्षं रोखून धरली, तर मूत्रपिंडावर त्याचा भार येऊ शकतो. म्हणजे आईचा रिपोर्ट.

आता गंमत बघा. अॅस्पिरिनच्या भावंडांना शोधण्यासाठी केलेली चाळणी अॅस्पिरिनची भावंडंच नेमकी पकडणार. आम्ही त्या चाळणीत निर्गुडी टाकली आणि विचारलं, तू डायक्लोफिनॅकसारखी आहेस का? ती म्हणाली, थोडीशी. आम्ही लिहिलं, थोडीशी. ती आणखी काय आहे, हे विचारायची सोय त्या पेपरात नव्हती.

*

मग मी उलट्या दिशेने वाचत गेलो. हे लोक आधी या पानाला काय विचारत होते?

चरकसंहितेत औषधींचे दहा-दहाचे पन्नास गट दिले आहेत. त्यांतला एक गट वेदनास्थापन, म्हणजे वेदना शमवणाऱ्या दहा औषधींचा. मी मोठ्या आशेने तो काढला. शाल, कायफळ, कदंब, शिरीष, अशोक असे सगळे आहेत, निर्गुडी नाही. ती सापडली विषघ्न गटात, सिंधुवार या नावाने. सुश्रुताच्या सुरसादि गणात ती तुळशीच्या पंगतीत बसते. पुढच्या वैद्यांच्या ग्रंथांत निर्गुडीचं तेल वाताच्या दुखण्यांसाठी येतंच, पण 'आयुर्वेदात हजारो वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय' हे माझ्या प्रबंधातलं पहिलं वाक्य मी न वाचता लिहिलं होतं. माझ्या मित्राची तर आणखी फजिती. त्याने 'आपल्या प्राचीन परंपरेतला' म्हणून जो दगडी पाला घेतला, ती वनस्पती मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली. खरचटलं की आपल्या आज्या तिचा रस लावतात, तो त्यांनी किंवा त्यांच्या आज्या-पणज्यांनी नवी वनस्पती करून बघून शिकलेला आहे. मला हे जास्त भारी वाटतं.

निर्गुडीच्या पानाची दुखण्याशी थेट जोडलेली एक नोंद मला भेटली ती गोव्यात. गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याची चांगली ओळख होती, त्याच्यावर तो उपचारही करायचा, त्यामुळे दख्खनी वैद्य-हकीम काय वापरतात हे त्याने जवळून पाहिलं. 1563 साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात दोन माणसांच्या संवादांतून इथल्या औषधींची माहिती येते, आणि त्यांतला एक संवाद 'नेगुंदो'वर आहे. पानं शिजवून किंवा तेलात परतून दुखऱ्या, सुजलेल्या भागावर लावतात, असं तो सांगतो. निगुंड, निर्गुंडी, नेगुंदो. शब्द आपलाच आहे.

त्या ग्रंथात ऑर्टाच्या घरातली एक दासी अधूनमधून डोकावते. तिचं नाव अंतोनिया. चर्चा रंगात आली, की मालक तिला हाक मारतो आणि ती झाडपाला आणून पुढे ठेवते. पंडित बोलत राहतात. तिला त्या पाल्याबद्दल काय ठाऊक होतं, हे त्यांना विचारावंसं वाटत नाही. मला हरसूलच्या मावशी आठवल्या, आणि माझा कागदही.

ऑर्टा 1568 मध्ये वारला. तो जन्माने ज्यू वंशाचा. 1580 साली धर्मसमीक्षण न्यायालयाने त्याची हाडं उकरून जाळली. त्याचं पुस्तक तोवर लॅटिनमध्ये संक्षिप्त होऊन युरोपभर गेलं होतं. 1753 साली लिनियसने जगातल्या वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावं दिली, तेव्हा आपल्या झुडपाला 'व्हायटेक्स निगुंडो' केलं. इतकंच नाही, अमेरिकेतल्या एका मेपलची पानं निर्गुडीसारखी दिसतात म्हणून त्याचंही नाव 'एसर निगुंडो' ठेवलं. म्हणजे अमेरिकेतल्या रस्त्यांकडेला आपल्या ओढ्याकाठचा शब्द उभा आहे. आणि निर्गुडीच्या पानातून वेगळ्या काढलेल्या एका रेणूचं नाव काय? निगुंडोसाइड.

*

मुंबईत एकोणिसाव्या शतकात ही चौकशी पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी चौकशी करणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. डॉ. सखाराम अर्जुन. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत. 1879 साली त्यांनी मुंबईतल्या औषधी द्रव्यांचा इंग्रजी कॅटलॉग प्रसिद्ध केला. परदेशातून बोटीने येणाऱ्या महागड्या औषधांऐवजी इथलं काय चालेल, हा त्या काळच्या डॉक्टरांपुढचा रोकडा प्रश्न होता. तुम्ही त्यांना दुसऱ्या नात्याने ओळखत असाल. लहानपणी लागलेलं लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या आणि पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे ते सावत्र वडील.

1883 साली मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापली. त्या आठांत दोनच भारतीय होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. दोन वर्षांनी सखाराम अर्जुन गेले. ही संस्था लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

नाशिकपुरतं बोलायचं, तर जिल्ह्यातल्या वनस्पतींची सविस्तर शास्त्रीय नोंद लक्ष्मीनरसिंहन आणि शर्मा यांनी केली आणि वनस्पती सर्वेक्षणाने ती 1991 साली ग्रंथरूपात काढली. जिल्ह्यातल्या लोकांच्या औषधी वापरावर मा. वि. पाटील आणि दा. आ. पाटील यांचा लेख 2005 साली पारंपरिक ज्ञानाला वाहिलेल्या एका नियतकालिकात आला. याच सुमाराला, 2002 साली, जैवविविधता कायदा झाला आणि गावोगाव लोकांचं ज्ञान नोंदवहीत उतरवायची सोय झाली. नोंदवह्या झाल्या, काही चांगल्या, काही मुदत संपायच्या आत भरलेल्या. मुदतीत भरलेली नोंदवही कशी दिसते, हे प्रबंध लिहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

*

आता डायक्लोफिनॅक, माझ्या प्रयोगातला पहिल्या नंबरचा विद्यार्थी.

हे औषध स्वित्झर्लंडच्या सीबा-गायगी कंपनीत तयार झालं आणि 1974 मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा बाजारात आलं. जोरदार, आणि पुढे अतिशय स्वस्त. नव्वदच्या दशकात भारतात ते गुरांच्या डॉक्टरांच्या पिशवीत पोचलं. बैल लंगडतोय, गाय सुजलीय, दिलं इंजेक्शन, सकाळी जनावर उभं. शेतकऱ्याला आणखी काय हवं?

त्याच दशकात राजस्थानातल्या भरतपूरला विभू प्रकाश हे पक्षिशास्त्रज्ञ गिधाडं मोजत होते आणि ती संपत चालली होती. प्रकाश हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, म्हणजे सखाराम अर्जुन यांच्या संस्थेचे. मान टाकून बसलेली गिधाडं झाडांवरून खाली पडत होती. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 1992 ते 2007 या काळात 99.9 टक्क्यांनी घटली. कारण सापडलं पाकिस्तानात. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी 2004 साली 'नेचर'मध्ये दाखवलं, की डायक्लोफिनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात. युरिक आम्लाचे पांढरे स्फटिक आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखे जमतात.

भारताने 2006 मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या उत्पादनावर बंदी आणली. माणसांच्या मोठ्या बाटल्यांतून ते गुरांना टोचलं जातच राहिलं, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनची बाटली तीन मिलिलिटरवर आणली. 2023 मध्ये गुरांसाठीच्या केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. गिधाडं गेल्यावर मढी कुजत राहिली, कुत्री वाढली, पाणी दूषित झालं. फ्रँक आणि सुदर्शन या दोन अर्थतज्ज्ञांनी 2024 मध्ये हिशेब मांडला, की 2000 ते 2005 या काळात त्यापायी पाच लाखांच्या आसपास माणसं जास्तीची मेली.

नाशिककरांना यासाठी लांब जायला नको. त्र्यंबकच्या वाटेवरचा अंजनेरीचा कडा माहीत आहे ना, तिथे लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. हरसूलकडे खोरीपाड्याला वनखात्याने गिधाडांसाठी जेवणाची जागा केली आहे, तिथे औषध न टोचलेली मेलेली जनावरं टाकतात. मी पानं आणायला ज्या रस्त्याने गेलो, तोच हा रस्ता. मी तेव्हा खिडकीतून वर बघितलंही नाही. बॅगेत 'स्टँडर्ड ड्रग' म्हणून डायक्लोफिनॅकची कुपी होती.

*

आईला हे सगळं सांगितलं नाही. गिधाडांचं तर नाहीच. तिला मी एक हिशेब सांगितला.

उंदराला आपण किलोमागे 400 मिलीग्रॅम अर्क पाजतो, ही अशा प्रबंधांतली नेहमीची मात्रा. उंदराची मात्रा माणसासाठी काढताना साधारण सहाने भागतात. म्हणजे किलोमागे 65 मिलीग्रॅम. तू 60 किलोची, म्हणजे जवळपास चार ग्रॅम अर्क. दहा ग्रॅम वाळलेल्या पानांतून एक ग्रॅम अर्क निघतो असं धरलं, तर चाळीस ग्रॅम वाळलेला पाला, ओला त्याच्या कितीतरी पट. एका वेळेला. रोज. आणि तो काळा पाक तुझ्या मूत्रपिंडांना काय करेल, हे माझ्या प्रबंधात नाही. मी फक्त पंजे मोजले होते.

"म्हणजे पाजायचा नाही," ती म्हणाली.

"नाही. अजिबात नाही."

"पण तुझी आजी कधी पाजायचीच नाही. ती बांधायची."

मी तीन वर्षं जे पान तोंडातून पोटात घालत होतो, ते मला ज्यांनी दाखवलं त्यांच्यापैकी कुणीही गुडघ्यासाठी पोटात घेत नव्हतं. ऑर्टाच्या गोव्यातही ते दुखऱ्या जागी लावतच होते. तव्यावर गरम केलेलं पान, थोडं तेल, वर जुन्या लुगड्याची पट्टी. त्यातलं किती काम उष्णतेचं, किती पानाच्या तेलाचं, आणि कुणीतरी अर्धा तास पाय मांडीवर घेऊन बसतं त्याचं किती, हे वेगळं काढायचा प्रयोग अवघड आहे. पण करता येईल. त्यासाठी उंदीर नको, गुडघे दुखणारी माणसं, त्यांची परवानगी आणि वेळ लागेल. मी मार्गदर्शकांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "यातून पेटंट नाही निघायचं." खरं आहे ते.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बाहेरून बांधायला हरकत नाही, त्वचेला त्रास झाला तर थांबवा, आणि पोटात काही नको. व्यायाम लिहून दिले, वजनाचं बोलले, महिन्याने पुन्हा रक्त तपासायला सांगितलं. मी रविवारी गंगापूरच्या बाजूला ओढा शोधत गेलो. जिथे निर्गुडी असायची, तिथे आता काँक्रीटची भिंत आहे. पलीकडे थोडी मिळाली. जून पानं घेतली.

तवा तापला. आईने पाय पुढे केला आणि विचारलं, "किती वेळ ठेवायचं?"

मी प्रबंध आठवून पाहिला. त्यात पहिला तास होता, तिसरा तास होता, सूज उतरल्याची टक्केवारी होती. मग हरसूलच्या मावशींच्या मुलाला फोन लावला, त्याने तो त्यांच्या कानाला धरला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मावशी, निर्गुडीचं पान किती वेळ बांधून ठेवायचं?"

"गार होईस्तोवर," त्या म्हणाल्या. "मग दुसरं. आईचा गुडघा का?"